उंचावर ठेवलेले बॉक्स

सम्यक आणि मैत्रेयी,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि आत्ताच लिहिते आहे याचे कारण सम्यकचे एक साधे वाक्य आहे. तो आपल्या खोलीत गाणी तयार करतो हे मला माहीत होते. ती गाणी स्वतः ऐकून दुरुस्त करायला लागणारे स्पीकर घ्यायचे म्हणून त्याने दोन जोड्या घरी आणल्या होत्या आणि फोनवर मला दाखवत होता. एक जोडी गाणे गोड करून ऐकवते, दुसरी जसे आहे तसे ऐकवते, असे तो म्हणाला. मी म्हटले, दुसरी घे. त्याला हसू आले. मग त्याने ते स्पीकर भिंतीपासून चांगले पुढे ओढून स्टँडवर ठेवले. मी म्हटले, अरे, येता-जाता पाय लागेल, वर कोपऱ्यात ठेव. तेव्हा त्याने मला समजावले, की कोपऱ्यात ठेवले तर दोन भिंती आणि छत मिळून खालचे, जाड सूर फुगवतात. ऐकणाऱ्याला वाटते गाण्यातच बेस जास्त आहे, मग तो बेस कमी करत जातो, आणि तेच गाणे दुसरीकडे वाजवले की त्याची नुसती हाडे ऐकू येतात. "आजी, छताजवळचा कोपरा म्हणजे खोलीतली सगळ्यात वाईट जागा," तो म्हणाला. मी त्याला ते पुन्हा सांगायला लावले. त्याला वाटले, रेंज गेली.

आमच्या घरी बॉक्स, म्हणजे स्पीकर, त्याच जागी होते. तुमच्या पणजीचे, माझ्या आईचे, गाणे एका वर्षी थांबले आणि पुन्हा कधी सुरू झाले नाही, हे मला आयुष्यभर माहीत होते. ते का थांबले हे मला फोनवर, तुमच्याकडून, इतक्या उशिरा कळले. माझा भाऊ गेल्यापासून त्या घरात राहिलेली मी एकटीच उरले आहे. मी लिहिले नाही तर हे कोणालाच ठाऊक असणार नाही. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवले, त्यामुळे कोणतीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. इथेही क्रमानेच सांगते.

समुद्रपूरला आमचे घर बसस्टँडपासून आत, विहाराच्या मागच्या ओळीत होते. पुढे एक मोठी खोली, तिच्यामागे स्वयंपाकाची, मग न्हाणी आणि शेवग्याचे झाड. छपराचे कवेलू उतरवून बाबांनी नुकताच स्लॅब टाकला होता आणि भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला होता. त्या ओळीत स्लॅब असलेले आमचेच पहिले घर, म्हणून उन्हाळ्यात ते भट्टीसारखे तापे तरी कोणी तक्रार करत नसे. शेजारी पिठाची चक्की होती. सकाळी तिचा पट्टा फिरू लागला की आमच्या फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत, आणि दुपारी चक्की बंद झाली की कान एकदम रिकामे वाटत. त्या रिकामेपणात आई भाकरी थापायला बसे. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, लाखोळीची डाळ, कधी गोळाभात. भाकरी थापताना ती चाली बसवे. हाताखाली भाकरी फिरते आहे, थापीचा ठेका चालू आहे, आणि तोंडात एकच ओळ पाच वेगवेगळ्या वळणांनी जाऊन येते आहे, हे माझ्या मनातले आईचे सगळ्यात जुने चित्र. चाल बसली की ती भाकरी तव्यावर टाकत असे. त्यामुळे आमच्याकडे भाकरी कधी पातळ तर कधी जाड असे, आणि आजीमाय, म्हणजे बाबांची आई, ताटावर बसून म्हणे, "आज गाणं लंबं होतं वाट्टे. भाकर पापडावानी झाली."

आई गायन पार्टीची मुख्य गायिका होती. जयंतीच्या महिन्यात आणि दीक्षेच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम असत. बाबा पेटी वाजवत, किसनकाका ढोलकी, मागे कोरसला ओळीतल्या चार-पाच बायका. दुय्यम सामना असला तर दोन पार्ट्या समोरासमोर बसत आणि गाण्यातून एकमेकींना सवाल टाकत. एकदा गिरडजवळच्या एका गावात समोरच्या पार्टीच्या गायकाने आईला भर मांडवात विचारले, "बाई, घरी चूल विझली का, इकडं आल्या ते?" आईने पदर सावरला, पेटीकडे पाहिले आणि सुरातच उत्तर दिले, "भात ठेवून आलो भाऊ चुलीवर. शिजेपर्यंत तुम्हाले हरवतो अन् वापस जातो." मांडव हसून आडवा झाला. लाइट गेली तरी ती थांबत नसे. माइक बाजूला करून उभी राही आणि आवाज मोकळा सोडे, आणि पार शेवटी बैलगाडीवर बसलेल्या माणसांपर्यंत शब्द न शब्द जाई. तो आवाज उंच, सरळ आणि उन्हासारखा होता. त्यात मऊपणा कमी होता. मैदानासाठी घडलेला आवाज तो.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी धागा ओढायचा, आणि त्याच्या लांबीवरून प्रत सांगायची, हे त्यांचे काम. शेतकरी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा असे. त्यांचा निर्णय सहसा चुकत नसे, आणि तो एकदा दिला की ते बदलत नसत. घरातही प्रत लावायची त्यांची सवय होती. लिंबू, पेन्सिली, पाहुणे, माझे निबंध. ते कडक नव्हते, पण आपल्या बोटांवर आणि कानांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

कॅसेट काढायची कल्पना त्यांची, पण हौस आईची. तेव्हा कॅसेटी नव्याने घरोघर येत होत्या आणि गायन पार्ट्यांच्या कॅसेटी जत्रेत, बसस्टँडवर विकल्या जात होत्या. आईचे वडील शाहिरी करत. ती लहान असतानाच ते गेले. एका दुपारी तांदूळ निवडताना ती बाबांना म्हणाली, "माह्या बापानं इतकं गायलं. कुठं राह्यला तो आवाज? हवेत गेला. मले तरी कुठं आठवते आता. माहा नाई जाऊ द्यायचा हवेत." बाबा म्हणाले, "नाई जाऊ देत." एवढेच ते बोलणे. पण त्या दिवसापासून घर त्या एका कामाला लागले.

नागपूरच्या कोणा ओळखीच्याने बाबांना सांगितले होते, की रेकॉर्डिंग घरी होऊ शकते. चांगला डेक, एक छोटा मिक्सर, एक माइक लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ऐकायचे बॉक्स चांगले लागतात. भोंग्यावर ऐकून टेप करता येत नाही. भोंगा सगळ्यांचा आवाज एकसारखा करून टाकतो. म्हणून आम्ही बॉक्स घ्यायला नागपूरला गेलो. बाबा, आई, भाऊ आणि मी, सकाळच्या एसटीने. आईने पांढरी साडी नेसली होती, जशी ती कार्यक्रमाला नेसे. बरोबर तिच्याच गाण्याची एक टेप होती, किसनकाकांनी कुठल्याशा कार्यक्रमात साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. सीताबर्डीच्या त्या दुकानात दुकानदाराने आधी मोठे, चकचकीत, समोर जाळी आणि कडेला चंदेरी पट्टी असलेले बॉक्स लावले. ढोलकी अशी घुमली की काउंटरवरचा ग्लास हलला. भाऊ खूश झाला. दुकानदार म्हणाला, "ये ले जाव साहब, पूरा मोहल्ला हिलेगा." बाबांनी डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली. मग त्यांनी मागच्या फळीवरची एक साधी, काळपट, बसक्या तोंडाची जोडी दाखवायला सांगितली. दुकानदाराचे तोंड पडले. "वो सूखा बजता है," तो म्हणाला.

ते खरेच कोरडे वाजत होते. ढोलकी ढोलकीएवढीच होती. मागच्या माणसाचा खोकला ऐकू आला. पण आईचा आवाज लागला तेव्हा आई दुकानातल्या स्टुलावरून उठून उभी राहिली. तिने स्वतःला आजवर फक्त भोंग्यावर, तेही भोंग्याच्या मागे बसून, नाहीतर किसनकाकांच्या टेपरेकॉर्डरच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकले होते. ती बॉक्सजवळ गेली, त्यावर हात ठेवला, आणि गाणे संपेपर्यंत तो काढला नाही. "हेच घ्या," ती म्हणाली. "याच्यात मी बसल्यावानी वाटते." बाबांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. चांगल्या कापसाला ते जशी डोलावत तशीच. सम्यक, तू जे दुसरे स्पीकर निवडलेस तेच तुझ्या पणजीने निवडले होते. निवड बरोबर होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

चूक घरी आल्यावर झाली. तिला चूक म्हणताना मला अवघड जाते, कारण तेव्हा तिच्याइतके बरोबर दुसरे काही दिसत नव्हते. बाबांनी बॉक्स खोक्यातून काढून आधी खाली, चटईच्या दोन टोकांना ठेवले होते. आजीमाय दारात उभी होती. ती म्हणाली, "खाली नको ठेवू रे. पाय लागतीन."

बाबा म्हणाले, "ऐकाले सोपं जाते, माय."

"यातून काय वाजन?"

"आपलीच गाणी. जयंतीची."

"मंग? धम्माचं गाणं पायाशी वाजवतं का तू?"

बाबांनाही ते पटले. आमच्या घरात ज्याला मान असे ते उंचावर जाई. पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर, माझे दप्तर खुंटीवर, समोरच्या भिंतीवर मूर्ती आणि फोटो. त्याच भिंतीच्या दोन टोकांना, छताला लागून, किसनकाकांनी लोखंडी कोन ठोकले आणि त्यांवर एकेक बॉक्स चढवला. आईने त्यांच्यासाठी क्रोशाचे रुमाल विणले. मधे मूर्ती, दोन बाजूंना बॉक्स. आम्ही सगळे चटईवर बसून वर बघत राहिलो. खोली एकदम विहारासारखी दिसू लागली होती. आजीमायने हात जोडले. ती त्या दिवशी फार समाधानात होती, आणि मला तिचा राग येत नाही.

रेकॉर्डिंग दुपारी चाले, चक्की बंद असताना. दार-खिडक्या लावायच्या, भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, चुलीवर काही ठेवायचे नाही, कोंबड्या मागच्या अंगणात कोंडायच्या. बाहेर ऊन असे आणि आत स्लॅबखाली आम्ही घामाने निथळत असू. एसटीचा हॉर्न आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आईने आंबट सोडले होते, लोणच्याकडे बघत नसे, जेवण झाले की मिरे आणि गूळ तोंडात धरून बसे. एक गाणे भरून झाले की बाबा ते बॉक्सवर लावून ऐकत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळाला आठी पडे. "गुरगुर येते," ते म्हणत. "आवाजाखाली काहीतरी जाड येऊन राह्यलं." मग ते मिक्सरवरचे बेसचे बटण थोडे उतरवत आणि आईला पुन्हा गायला सांगत. पुन्हा ऐकत, पुन्हा उतरवत. शेवटी एका दुपारी ते बटण पार तळाला गेले, आणि वरून जो आवाज आला तो स्वच्छ, भरलेला, अगदी आईचा होता. बाबांनी पेटीचा भाता बंद केला. आईने डोळे पुसले. त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी पातोडीची रस्साभाजी केली, आणि कोरसच्या बायका ताटे घेऊन अंगणात हसत-बोलत बसल्या. किसनकाका म्हणाले, "वहिनी, आता तुमच्या कॅसेटीवर सही द्या लागन." आई म्हणाली, "सही कायची भाऊ, अंगठा नेऊन ठेवा." तिला सही येत होती. मला वाटते आमच्या घरातला तो शेवटचा आनंदाचा स्वयंपाक.

जवळच्या जाम गावी हायवेच्या चौकात गोपालशेठचे कॅसेटचे दुकान होते. नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर, सगळीकडचे ट्रक तिथे चहाला थांबत. गोपालशेठला पटले तर तो कॅसेटच्या प्रती काढून आसपासच्या सगळ्या गावांत पोचवणार होता. आम्ही रविवारी गेलो. दुकानाच्या बाहेर दोन स्पीकर टांगलेले होते आणि कुठल्यातरी पार्टीची कॅसेट वाजत होती, भरदार, ढोलकी ऐकताना पाय हलावा अशी. गोपालशेठ भला माणूस होता. त्याने आईला खुर्ची दिली, चहा आणि आलूबोंडा मागवला, ती वाजती कॅसेट काढली आणि आमची लावली.

मी तेव्हा आईच्या शेजारी उभी होते. पहिली ओळ आली आणि मला वाटले, दुसऱ्याच कोणाची टेप लागली. आवाज पातळ होता. पत्र्याच्या डब्यावर नखाने रेघ ओढावी तसा. शब्द कळत होते, सूर बरोबर होता, पण त्या आवाजाला अंग नव्हते. ढोलकी काडेपेटी वाजवल्यासारखी. बाबांनी विचारले, "मशीन बरोबर आहे ना शेठ?" गोपालशेठने आमची टेप काढून मघाचीच लावून दाखवली. ती तशीच भरदार वाजली. त्याने पुन्हा आमची लावली. बाकावर चहा पीत बसलेला एक ट्रकवाला मान तिरकी करून ऐकत होता. तो सोबत्याला म्हणाला, "ही बाई काय नळातून गाऊन राह्यली का बे?" दोघे-तिघे हसले. त्यात दुष्टावा नव्हता, ती गाणारी बाई तिथेच खुर्चीवर आहे हे त्यांना माहीत नव्हते. आईही हसली. पदर तोंडाला लावून, त्यांच्यासोबत. मग तिने आलूबोंडा बशीत ठेवला आणि हात साडीला न पुसता रुमालाने पुसले, एकेक बोट.

गोपालशेठ हळूच म्हणाला, "भाऊ, वहिनीजीले मी गिरडले ऐकलेलं आहे. आवाज काय वाईट नाई. पण टेपीत जमून नाई राह्यला. असं होते कधीकधी."

घरी आल्यावर बाबांनी चपलाही न काढता टेप लावली. कोपऱ्यांतून तोच भरलेला, गोड आवाज आला. आम्ही सगळे वर बघत ऐकत होतो. गाणे संपल्यावर आई म्हणाली, "इथं तर चांगलं आहे."

"बॉक्स खोटं नाई बोलत," बाबा म्हणाले. "सगळं पाहून घेतले ते. मशीन बी बरोबर होती जामची."

"मंग?"

चिमटीत काहीतरी धरल्यासारखी बाबांची बोटे हलत होती. "घरात भरते अन् बाहेर पतला होते, म्हणजे मुळात धागा छोटा आहे. काही आवाज टेपले मानवत नाई."

"चौकात तर पार शेताच्या पांदणीपर्यंत जाते ना माहा आवाज."

"तिथं भोंगा आहे. भोंगा झाकते. टेप नाई झाकत."

हे ते रागाने बोलले नाहीत. ते प्रत सांगत होते. आणि आईने ते त्या शेतकऱ्यांसारखेच ऐकून घेतले, त्यांच्या तोंडाकडे बघत.

तरी त्यांनी सोडून दिले नाही. उरलेला सबंध उन्हाळा प्रयत्न चालले. बाबांनी आईला माइकच्या जवळ बसवले, मग लांब, मग दाराशी, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिला पट्टी उतरवून गायला सांगितले, मग हळू गायला सांगितले. ती तसे गायली. इतका उघडा आवाज गळ्यातच दाबून धरताना तिच्या मानेच्या शिरा दिसत. प्रत्येक वेळी घरी ते छान वाटे, आणि प्रत्येक वेळी कोणाच्यातरी घरच्या टेपवर लावून पाहिले की तोच पत्र्याचा डबा. आईला त्यांनी खोलीभर हलवले. बॉक्स मात्र कोणी हलवले नाहीत. ते जिथे होते तिथून त्यांना हलवायचे कोणाच्या मनातही आले नाही. मी रोज त्यांच्याखाली बसून अभ्यास करत असे आणि माझ्याही मनात आले नाही.

पावसाळ्यानंतर बाबांनी हिंगणघाटहून नलूताईला बोलावले. ती माझ्या आत्याची मुलगी, विशीतली, जाड आवाजाची. ती बोलली तरी शेजारच्या घरात पुरुष बोलतो आहे असे वाटे, आणि तिला त्याची लाज वाटे. तिचा तोच आवाज टेपवर टिकला. आता मला त्याचे कारण कळते: बेस काढून टाकल्यावरही तिच्या आवाजात पुरेसा बेस शिल्लक राहत होता. तेव्हा आम्हाला एवढेच दिसले, की जामला लावलेली तिची टेप दुसऱ्या कॅसेटींसारखी वाजली आणि गोपालशेठने होकार दिला. गाणी आईची होती, चाली आईच्या. ती नलूताईला समोर बसवून एकेक जागा शिकवत होती. नलूताई बावरून म्हणे, "मामी, तुम्हीच गा ना. मले हे वळण नाई येत." आई म्हणे, "येते. माह्या तोंडाकडं नको पाहू, बॉक्सकडं पाह्य." रेकॉर्डिंगला आई मागे, कोरसच्या बायकांत बसली. बाबांनी त्या बायकांना माइकपासून लांब जिथे बसवले होते तिथे, टाळ्या द्यायला.

कॅसेट चालली. मग कार्यक्रमांनाही लोक कॅसेटवाली गायिका मागू लागले. पुढच्या जयंतीला समुद्रपूरच्याच चौकात आई स्टेजवर चढली ती कोरसच्या रांगेत. कमिटीचा माणूस म्हणाला, "वहिनी, तुम्ही पुढं नाई बसत?" ती म्हणाली, "घसा बसला भाऊ." त्यानंतर कोणीही विचारले की ती हेच सांगे. वर्षानुवर्षे सांगितले. घसा तिचा शेवटपर्यंत उत्तम होता. भावाला गल्लीच्या टोकावरून जेवायला हाक मारी तेव्हा तो कळे. आवाज मोकळा सोडे ती तेवढ्यापुरताच. भाकऱ्या आता सगळ्या एकसारख्या होऊ लागल्या. आजीमाय ताटावर बसली की हात आखडून थोडी वाट पाही, मग जेवायला लागे.

कॉलेजात असताना मी एकदा सुटीत आले होते आणि तिच्याशी भांडले. म्हटले, बाबांनी एक म्हटले म्हणून काय झाले, तू का ऐकलेस. मला तेव्हा इंग्रजी पुस्तकांतून बरेच काही नवे कळले होते आणि सगळ्याचा दोष बाबांवर ठेवणे सोपे होते. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुह्या बाबानं सांगतलं असतं अन् मी आयकलं नसतं, तर भांडली असती. मानलंच नसतं. पण मी माह्या कानानं आयकलं ना व, जामले. त्या माणसानं म्हणलं तसंच होतं ते. नळातून." मग शेंगांकडे बघतच म्हणाली, "इतके दिवस लोकायनं काऊन ऐकून घेतलं असन, देव जाणे." देव ती मानत नव्हती. बोलायची पद्धत म्हणून म्हणाली. मागचे सगळे मांडव, सगळ्या जयंत्या, बैलगाडीवर बसलेली माणसे, हे सगळे तिने त्या एका रविवारावरून मोजून रद्द करून टाकले होते.

बाबा आधी गेले, आई नंतर. दोघांनाही खरे कधी कळले नाही. कळले असते तर बरे झाले असते का, याचा मी हा महिनाभर विचार केला आहे. आईला कळायला हवे होते, असे सकाळी वाटते. संध्याकाळी वाटते, की म्हातारपणी हे कळून ती काय करणार होती. बाबांच्या बाबतीत तर मी हा प्रश्न अर्ध्यावरच सोडून देते. माणूस आपल्या बायकोचा आवाज जपायला निघाला होता, इतके मला ठाऊक आहे.

सम्यक, मी फोनवर थोडेसे सांगितले तेव्हा तू विचारलेस की पणजीच्या त्या टेपा असतील तर पाठव, बेस परत भरता येईल का पाहतो. त्या नाहीत. नव्या टेपा सहज मिळत नसत, म्हणून बाबांनी आईच्याच टेपांवर नलूताईचा आवाज भरला. किसनकाकांची ती पहिली टेपही त्यातच गेली. घर विकले गेले, नव्या मालकाने तिथे दुकानगाळे काढले. बॉक्स भावाने कोणालातरी देऊन टाकले.

नलूताईच्या कॅसेटची एक प्रत माझ्याकडे वर्ध्याला आहे आणि ती अजून वाजते. काल पुन्हा ऐकली. ध्रुवपदाला मागून चार-पाच बायकांचा कोरस येतो, टाळ्यांसकट. त्यांतली एक माझी आई आहे. तिने आवाज इतका खाली धरला आहे की त्यातला तिचा कोणता, हे मला ओळखता येत नाही. पण ती त्यात आहे.